एक पट्टी, एक बटण आणि 748 लाख कोटी रुपये

लिब्रेऑफिस उघडलं, पहिलं वाक्य टाइप करायला घेतलं आणि पानाच्या डोक्यावर फिकट निळी पट्टी उमटली. आमचं काम तुमच्या देणग्यांवर चालतं, अशा अर्थाची एक ओळ. शेजारी देणगीचं बटण. टोकाला फुली. फुली दाबली की पट्टी जाते आणि आपण कामाला लागतो. किती वर्षं हे असंच चाललंय! या वेळी मात्र बोट फुलीपाशी थांबलं. म्हटलं, ही पट्टी ज्यांच्या वतीने उभी आहे त्यांचा पसारा एकदा मोजून तर पाहू. मोजायला बसलो आणि रात्र सरली. आकडे असे निघाले की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. कागद-पेन्सिल घ्या, बरोबरच मोजू.

आधी एवढंच लक्षात ठेवा की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पाणपोई. रांजण भरलेला, तांब्या वर ठेवलेला, येईल त्याने प्यावं. कुणी नाव विचारत नाही, तिकीट फाडत नाही. कोड उघडा असतो, कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. रांजणाशेजारी एक छोटा डबा ठेवलेला असतो, तीच आपली निळी पट्टी. आता या पाणपोईवर किती लोक पाणी पितात ते बघू या.

व्हीएलसीपासून सुरुवात करू. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो शंकू, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा. लग्नाची कॅसेट सीडीवर आणलेली असो, पेनड्राइव्हवरचा सिनेमा असो, दुसरीकडे चालेना की लोक म्हणतात, व्हीएलसीत लाव. 1996 साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं. 2025 च्या जानेवारीत त्याचे डाउनलोड झाले 600 कोटी.

600 कोटी! सेकंदाला एक या वेगाने मोजायचं ठरवा. जेवण नाही, झोप नाही, नुसतं एक, दोन, तीन. 190 वर्षं लागतील. म्हणजे आज मोजून संपवायचं असेल तर 1830 च्या दशकात सुरुवात करायला हवी होती. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 1853 साली. ती शिट्टी तुम्हाला मोजता मोजताच ऐकू आली असती, आणि तेव्हा तुमचा दहावा हिस्साही मोजून झाला नसता.

गाडीचा विषय निघालाच आहे, तर मुंबईची लोकल घ्या. रोजचे प्रवासी सुमारे 75 लाख. प्रत्येक प्रवाशाच्या हातात व्हीएलसीचं एक डाउनलोड द्या. विरार, कर्जत, कसारा, पनवेल, सगळे मार्ग, सगळ्या गाड्या, पहाटेच्या पहिल्या लोकलपासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत. 600 कोटी वाटून संपायला 800 दिवस लागतील! सव्वादोन वर्षांची सगळी गर्दी!

या एवढ्या गर्दीकडून जाहिरातीचा एक पैसा घेतलेला नाही. व्हीएलसीचं काम सांभाळणारे ज्याँ-बाप्तिस्त केम्फ यांना जाहिराती घुसवण्यासाठी कोट्यवधी युरोंच्या ऑफर आल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. संस्था ना-नफा, आणि मागणं फक्त देणगीचं. समजा प्रत्येक डाउनलोडमागे एक पैसा आला असता. रुपया नाही, फक्त एक पैसा. तरी 6 कोटी रुपये झाले असते.

व्हीएलसी निदान डोळ्यांना दिसतो. आता न दिसणारी गोष्ट घ्या. तिचं नाव कर्ल. इंटरनेटवरून इकडची माहिती तिकडे नेणारा हा हमाल. फोनमध्ये तो आहे, टीव्हीत आहे, मोटारीत आहे. मंगळावर 2021 मध्ये उडालेल्या नासाच्या हेलिकॉप्टरच्या कामातही त्याचा हात होता. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग 1998 पासून या नावाने तो सांभाळतात, आणि त्यांच्या अंदाजाने जगात त्याच्या प्रती बसल्या आहेत 2 हजार कोटींवर. जगाची लोकसंख्या 800 कोटी धरा. माणशी अडीच! तान्ह्या बाळालाही अडीच!

हा आकडा पाण्यात ओतून बघू. एका प्रतीसाठी पाण्याचा एक थेंब. एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब धरले, तर 2 हजार कोटी थेंबांचं पाणी होतं 10 लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! मार्च संपता संपता मराठवाड्यातल्या एखाद्या गावात शंभर टँकर ओळीने उभे राहिले तर काय दृश्य असेल! आठ मीटर रुंद आणि वीस मीटर खोल विहीर त्या थेंबांनी काठोकाठ भरते. थेंबाथेंबाने!

इथे जरा थांबू, कारण पुढची गोष्ट सावकाश पाहण्यासारखी आहे. प्रोग्रामर लोक विम नावाचा एक संपादक वापरतात. फाइलचं नाव न देता तो उघडला की समोर जवळजवळ रिकामा पडदा येतो. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाटेसारख्या छोट्या खुणा, मधोमध चार-सहा ओळी. नाव, आवृत्ती, आणि लिहिणाऱ्याचं नाव ब्राम मोलेनार. त्याखाली एक ओळ देणगीची. ती स्वतःसाठी नाही. युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं ती ओळ सांगते.

मोलेनार नेदरलँड्सचे. 1991 साली त्यांनी विम लोकांना दिला. 1994 मध्ये ते युगांडाच्या दक्षिणेकडच्या किबाले गावी वर्षभर पाणी आणि स्वच्छतेची कामं करत राहिले. तिथली अनाथ मुलं पाहिली आणि परतल्यावर त्या मुलांसाठी संस्था काढली. आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या आपल्या संपादकाच्या दारातच तिचं मागणं लिहून ठेवलं. विम आवडला तर मला काही देऊ नका, त्या मुलांना द्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गेले, वयाच्या 62 व्या वर्षी.

ती ओळ पडद्यावर सुमारे सहा सेंटिमीटर लांब. एका प्रोग्रामरने दिवसातून दोनदा ती पाहिली, वर्षाचे कामाचे दिवस 250, नोकरी तीस वर्षं. पंधरा हजार वेळा! सहा सेंटिमीटरला पंधरा हजारांनी गुणा. 900 मीटर. असे 170 प्रोग्रामर घ्या, चार एसट्या भरतील एवढेच. त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली ती एक ओळ सलग अंथरली तर 153 किलोमीटर होते. मुंबईत दादरपासून अंथरत निघा, पुण्यात पोचाल! मुंबई ते पुणे एकच वाक्य, मुलांना मदत करा, मुलांना मदत करा! आणि ही फक्त चार एसट्यांतल्या माणसांची गोष्ट.

आतापर्यंत आकडे वर चढत होते. आता एक आकडा असा सांगतो की तो खाली उतरताना चक्कर यावी.

बँकेची साइट उघडली की पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसायचं, आठवतंय? असली कुलपं बनवणारा एक मोठा कारखाना म्हणजे ओपनएसएसएल. तोही पाणपोईच. 7 एप्रिल 2014 ला जगाला कळलं की या कुलपात भोक आहे. हार्टब्लीड असं त्याचं नाव पडलं. भोक दोन वर्षांहून जास्त काळ होतं, आणि त्यातून दर वेळी 64 किलोबाइटपर्यंत सर्व्हरच्या पोटातली माहिती बाहेर येत होती. पासवर्ड असतील, गुप्त किल्ल्या असतील, जे हाती लागेल ते. सुमारे 5 लाख सुरक्षित म्हणवणाऱ्या वेबसाइट्स धोक्यात सापडल्या.

आणि या कारखान्याच्या देणगीच्या डब्यात वर्षाला किती पडत होते? सुमारे 2 हजार डॉलर. तेव्हाचा डॉलर साठ रुपयांचा. वर्षाचे 1 लाख 20 हजार, महिन्याचे दहा हजार. कंत्राटी कामांतून मिळणारे पैसे वेगळे होते, पण पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. आता भागाकार करा. 1 लाख 20 हजार रुपये भागिले 5 लाख साइट्स. एका साइटमागे वर्षाला 24 पैसे! पावलीसुद्धा नाही! आणि पावली तर 2011 सालीच चलनातून गेली होती. म्हणजे एका साइटच्या कुलपासाठी वर्षाला जे मिळत होतं, त्याचं नाणंही देशात उरलेलं नव्हतं.

बोभाटा झाला तेव्हा लोक जागे झाले. पहिल्या आठवड्यात दोनशेच्या आसपास देणग्या आल्या, सुमारे 9 हजार डॉलर. साडेचार वर्षांचं एका आठवड्यात! मग मोठ्या कंपन्या पुढे आल्या आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली अशा दुर्लक्षित कामांसाठी तीन वर्षांत 39 लाख डॉलर द्यायचं ठरलं. जुन्या हिशेबाने ही किती वर्षांची देणगी? 1,950 वर्षांची. सातवाहनांच्या काळात कुणी नाणेघाटाच्या रांजणात दर वर्षी 2 हजार डॉलर टाकायला सुरुवात केली असती, तर 2014 साली तेवढे जमले असते. हेच पैसे आधी आले असते तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कोअर-जेएस नावाचा एक तुकडा आहे, जुन्या ब्राउझरला नव्या साइट्स समजाव्यात म्हणून वापरतात. रशियाच्या डेनिस पुश्कारेव यांचं हे काम. 2023 च्या सुरुवातीला त्याचे महिन्याचे डाउनलोड होते 25 कोटी. सेकंदाला 96! एकदा डोळ्याची पापणी लवेपर्यंत वीस-तीस उतरून जातात. त्याच्या काही वर्षं आधी त्यांनी एकदा इन्स्टॉल करताना दिसणाऱ्या काळ्या खिडकीत चार ओळी घातल्या, प्रकल्पाला मदत करा आणि लेखक चांगल्या नोकरीच्या शोधात आहे. त्या चार ओळींवर लोक चिडले. महिन्याला 25 कोटी वेळा वापरायचं आणि चार ओळी सहन करायच्या नाहीत, हे काही मला पटत नाही. पुढे 2019 च्या नोव्हेंबरात एनपीएम या कोड वाटणाऱ्या व्यवस्थेनेच एक सोय केली. इन्स्टॉल संपलं की शेवटी एक शांत ओळ येते, यातले इतके-इतके तुकडे निधी शोधत आहेत. एका छोट्याशा साइटसाठी तो आकडा शंभराच्या वर जाताना दिसतो. एका घोटामागे शंभर पाणपोया!

कुणी म्हणेल, सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की झालं, पैसे लागतात कशाला? त्याचं उत्तर सिग्नलने 2023 मध्ये हिशेबाची वहीच उघडून दिलं. निरोपांचं हे अ‍ॅप मुक्त आहे, जाहिराती नाहीत, आणि अ‍ॅपच्या आतच देणगी मागतं. नवीन माणूस आला की त्याच्या नंबरवर जो एसएमएसचा कोड जातो ना, फक्त त्याचा वर्षाचा खर्च 60 लाख डॉलर. सोयीसाठी डॉलर 85 रुपयांचा धरू. 51 कोटी रुपये! रोजचे 14 लाख. मिनिटाला जवळजवळ हजार. तुम्ही मुंबईहून गाडी काढलीत आणि अडीच तासांत पुण्यात उतरलात, तेवढ्यात दीड लाखाचे एसएमएस गेले. खंडाळ्याच्या घाटात अर्धा तास अडकलात तर ओपनएसएसएलची अख्ख्या वर्षाची 2 हजार डॉलरची देणगी त्या प्रवासात उडून गेली!

बोलण्याचंही ऐका. सिग्नलवरचे फोन आणि व्हिडिओ कॉल सर्व्हरवरून जायला वर्षाला 20 पेटाबाइट लागतात. पेटाबाइट राहू द्या, 2 कोटी जीबी म्हणा. तुमचा रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर तेवढा डेटा संपवायला 36 हजार वर्षं लागतील. अजिंठ्याची पहिली लेणी खोदली त्याला दोन हजारांहून थोडी जास्त वर्षं झाली. तेव्हापासून रोज दीड जीबी वापरत आला असतात तरी सोळावा भागच संपला असता! सगळा खर्च धरून 2025 पर्यंत वर्षाला 5 कोटी डॉलर लागतील, असा त्यांचा अंदाज होता. सव्वाचारशे कोटी रुपये, आणि भिस्त देणगीवर.

मग अशी पट्टी दाखवून, विनवून, खरंच काही जमतं का? जमतं! थंडरबर्ड बघा. ईमेलचं हे जुनं सॉफ्टवेअर. 2021 मध्ये त्याला देणग्या मिळाल्या 28 लाख डॉलर. 2022 च्या अखेरीस त्यांनी सॉफ्टवेअरच्या आतच विनंती दाखवली. त्या वर्षी 64 लाख. पुढच्या वर्षी 86 लाख. 2024 मध्ये 1 कोटी 3 लाख! तीन वर्षांत साडेतीन पटींहून जास्त, रुपयांत साडेसत्याऐंशी कोटी! देणारे लोक 3 लाख 35 हजारांहून अधिक. दहा वानखेडे स्टेडियम खच्चून भरतील! एका वेळच्या देणगीची सरासरी अवघी 19 डॉलर.

हे दहा वानखेडे एकूण वापरणाऱ्यांच्या मानाने किती? पुन्हा थेंबांकडे जाऊ. महिन्याला थंडरबर्ड वापरणारे साधारण 2 कोटी. माणशी एक थेंब धरला तर 1000 लिटर होतात, गच्चीवरची काळी टाकी असते ना, अगदी तेवढी. आणि देणाऱ्यांचे थेंब? पावणेसतरा लिटर. एक बादली! आख्ख्या टाकीतली एक बादली, आणि तिच्यावर सगळं घर चाललंय. दोन बादल्या झाल्या तर काय होईल!

आता शेवटचा चढ. दम धरा.

2024 च्या जानेवारीत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी प्रश्न विचारला की या सगळ्या मुक्त सॉफ्टवेअरची किंमत किती? जे जे खूप वापरलं जातं ते पुन्हा एकदाच लिहून काढायचं तर खर्च 415 कोटी डॉलर. सुमारे 35 हजार कोटी रुपये, म्हणजे दोन अटल सेतू. बरं, हे झालं एकदा लिहिण्याचं. पण पाणपोई नाहीच असं समजा. प्रत्येक कंपनीला आपापली विहीर खणायला लागली तर? तर 8.8 लाख कोटी डॉलर!

रुपये करा. 748 लाख कोटी. 2025-26 चा केंद्राचा अर्थसंकल्प 50.65 लाख कोटींचा होता. असे जवळजवळ पंधरा अर्थसंकल्प! नोटा मोजू. सगळ्या पाचशेच्या. शंभर नोटांचं बंडल एक सेंटिमीटर जाड धरा आणि बंडलावर बंडल ठेवत चला. दीड लाख किलोमीटर उंच! मुंबई-पुणे एक हजार वेळा! ही थप्पी हलवायची तर? एक नोट एक ग्रॅमची धरली तरी वजन होतं सुमारे 15 लाख टन. एका मालगाडीत साडेतीन हजार टन. 430 मालगाड्या लागतील! नुसत्या पाचशेच्या नोटांनी भरलेल्या 430 मालगाड्या! एकीमागे एक जोडून बोरीबंदरला उभ्या करा. ठाणे गेलं, कल्याण गेलं, कर्जत, बोरघाट, लोणावळा, पुणे गेलं, दौंड मागे पडलं, तरी शेवटचा डबा अजून पुढेच आहे!

आणि ही गाडी ओढतंय कोण? त्याच संशोधनात म्हटलंय की यातली 96 टक्के किंमत 5 टक्के प्रोग्रामर लोकांनी तयार केली आहे. चाळीस जणांच्या एसटीतले दोघे उतरून धक्का देताहेत आणि एसटी घाट चढते आहे.

मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. निळी पट्टी अजून वरच होती. एक शेवटचा हिशेब केला. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख. त्यांतल्या शंभरात एकाने वर्षातून एकदा, एका वडापावचे वीस रुपये दिले, तर होतात 1 कोटी 66 लाख. ओपनएसएसएलला तेव्हा वर्षाला जे मिळत होतं, त्या हिशेबाने ही 138 वर्षांची देणगी झाली.

व्हीएलसी असेल, लिब्रेऑफिस असेल, थंडरबर्ड असेल, तुमच्या संगणकावर जे रोज उघडतं त्याचं नाव आठवा. केडीई नावाचा लिनक्सचा डेस्कटॉप तर वर्षातून एकदाच, डिसेंबरात विचारतो. तुमच्या पडद्यावर पट्टी आली की फुलीच्या आधी बटण दाबा. मी आत्ताच दाबलं.